छतावरचे पाण्याचे डाग : सारखे विचारले जाणारे प्रश्न

छताला डाग पडला की बहुतेक जण पहिला फोन रंगाऱ्याला करतात आणि खरी गडबड तिथेच होते, कारण रंगारी येतो, डाग झाकतो, पैसे घेतो, आणि दोन महिन्यांनी तोच डाग त्याच जागी थोडा अंग धरून परत हजर. मी स्वतः एका खोलीचं छत तीन वेळा रंगवून घेतलंय, त्यामुळे इथे जे लिहिलंय त्यातलं निम्मं तरी माझ्याच चुकांमधून आलंय. प्रश्न लोक जसे विचारतात तसेच ठेवलेत, क्रम काही फार नीट लावलेला नाही, हवं तिथून वाचा. छतातून आत्ता पाणी टपकत असेल तर मात्र पहिला प्रश्न आधी.

पाणी टपकतंय, आत्ता या क्षणी काय करू?

आधी लाइट. डाग पंख्याच्या हुकाजवळ, ट्यूबच्या पॉइंटजवळ किंवा सीलिंगमधल्या दिव्याजवळ असेल तर त्या खोलीचा एमसीबी (मेन बोर्डावरचा खटका) पाडा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटण बंद असलं तरी वर वायरमध्ये करंट असू शकतो. स्लॅबमध्ये वायरींसाठी जे पाइप टाकलेले असतात त्यातून पाणी आरामात चालत येतं आणि पंख्याच्या कपातून खाली उतरतं, बघणाऱ्याला वाटतं पंखाच गळतोय. मग खाली बादली, आणि बादलीत एक जुना टॉवेल टाका म्हणजे टप टप आवाज आणि शिंतोडे दोन्ही थांबतात, रात्री दोनला याची किंमत कळते. पाण्याचा कॉक सापडत असेल तर बंद करा. आणि हो, फोटो काढून ठेवा, नंतर विमा असो, वरचे शेजारी असोत की कॉन्ट्रॅक्टर, ओला डाग दाखवता आला नाही की कोणी मनावर घेत नाही.

डाग ओला आहे की जुनाच वाळलेला, कसं ओळखायचं?

बोटाने नाही, हाताच्या मागच्या बाजूने टेकून बघा, तिथली कातडी गारवा लवकर पकडते. ओली जागा आजूबाजूपेक्षा गार लागते आणि रंग थोडा गडद दिसतो. टिश्यू पेपर दाबून धरला आणि त्यावर ओल आली तर विषयच संपला. मॉइश्चर मीटर असेल तर उत्तम, पण त्याच्यावर जे टक्के दिसतात ते बहुतेक लाकडाच्या हिशोबाचे असतात, प्लास्टरवर तो आकडा खरा धरू नका, त्याच छताच्या कोरड्या कोपऱ्यात एक रीडिंग घ्या आणि डागावर एक, फरक किती आहे तेवढाच कामाचा.

पण या सगळ्यापेक्षा भारी अवजार म्हणजे पेन्सिल. स्टुलावर चढून डागाच्या कडेने बारीक रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. आठ दिवसांनी डाग रेघेच्या बाहेर गेला असेल तर गळती चालू आहे, आतच असेल तर निदान तेवढ्या दिवसांत तरी काही झालेलं नाही. एवढं साधं काम शंभरातले नव्वद जण करत नाहीत (आकडा माझ्या मनातला, पण मी तरी पहिल्या दोन वेळा केलं नव्हतं).

डागाच्या बरोबर वर तर काहीच नाही, मग पाणी येतं कुठून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर लांबलचक आहे, बसून वाचा.

पाणी सरळ खाली पडतं हे बादलीपुरतं खरं. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी जिथे वाट मिळेल तिथे जातं, भेगेतून, वायरच्या पाइपातून, गजाच्या कडेने, टाइलखालच्या मसाल्यातून, आणि उतार मिळाला की दहा-बारा फूट लांब जाऊन एखाद्या कमजोर जागी बाहेर येतं. लाकडी छप्पर असेल तर वाशावरून घरंगळत भिंतीपर्यंत पोचतं. म्हणजे डाग जिथे आहे ती फक्त बाहेर पडायची जागा, आत शिरायची जागा दुसरीच.

म्हणून डाग कुठे आहे हे विचारत बसू नका, तो कधी ओला होतो ते विचारा. डागाचं एक टाइमटेबल असतं आणि ते पकडलं की अर्धं काम झालं. चोवीस तास, पाऊस असो नसो, एकाच गतीने ओल येते तर बहुतेक प्रेशरची पाण्याची लाइन फुटलीय. वरच्यांनी आंघोळ केली की दोन-चार तासांनी ओलं होतं आणि ते गावाला गेले की वाळतं तर ड्रेनेज, ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा सांडपाण्याचा सापळा) किंवा फरशीचे सांधे. पाऊस पडला की ओलं होतं तर गच्ची, छप्पर किंवा बाहेरची भिंत. पाऊस थांबून तीन-चार दिवस झाले तरी टपकतंय तर गच्चीच्या कोब्यात (स्लॅबवर उतारासाठी घातलेला विटांचे तुकडे आणि मसाल्याचा थर) पाणी भरून राहिलंय आणि ते हळूहळू झिरपतंय. थंडीतच, सकाळीच, कोपऱ्यातच दिसतं तर गळती नसून दव धरतंय. टाकी ओव्हरफ्लो झाली की दिसतं, हे तर इतकं साधं असतं की कोणी बघतच नाही.

माझंच सांगतो. बेडरूमच्या छताला भिंतीच्या अंगाने एक डाग होता, तपकिरी, पालथ्या हाताएवढा. वर काकूंचं बाथरूम, म्हणजे दोषी ठरलेलाच. मी जाऊन सांगितलं, त्या बिचाऱ्यांनी सगळ्या टाइलचे सांधे भरून घेतले, चार दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेल्या, आणि माझा डाग काही थांबेना. मग एकदाची पेन्सिल हातात घेतली. महिनाभरात छतावर चार रेघा झाल्या, एकात एक, नकाशात डोंगर दाखवतात तशा, आणि प्रत्येक रेघेची तारीख पावसाची, पण प्रत्येक पावसाची नाही. जोराचा पाऊस होऊनही कधी कधी रेघ हलली नव्हती. शेवटी लक्षात आलं की वारा पश्चिमेकडून असला, पाऊस तिरका झोडपत आला, तेव्हाच डाग वाढतो. बाहेरून बघितलं तर वरच्या खिडकीच्या छज्जा आणि भिंतीच्या सांध्यात बोट जाईल एवढी फट. काकूंचं बाथरूम ठणठणीत होतं. मी जाऊन माफी मागितली, त्यांनी ती दिली पण अजून कधी भेटल्या की "काय रे, डाग बरा आहे ना?" असं विचारतात.

वरच्या बाथरूममधूनच येतंय हे पक्कं कसं करायचं?

एका वेळी एकच गोष्ट तपासा, सगळं एकदम केलं तर काहीच कळत नाही. आधी मीटर. वरच्या घरातले सगळे नळ बंद करा, तास-दोन तास कोणी पाणी वापरायचं नाही, मीटरचा आकडा आधी आणि नंतर लिहा. काटा हलला तर सप्लायची लाइन कुठेतरी गळतेय. नसेल हलला तर दोन-तीन दिवस ते बाथरूम पूर्ण बंद ठेवा आणि खालचा डाग वाळायला लागतो का बघा.

मग पाळी ड्रेनेजची. पाइप लावून किंवा हळूच बादली ओतून पाणी थेट ट्रॅपमध्ये सोडा, फरशीवर पसरू देऊ नका, आणि थांबा. खाली आलं तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी ट्रॅपचं तोंड बोळा किंवा प्लगने बंद करून फरशीवर दोन-अडीच सेंटिमीटर पाणी उभं करा, भिंतीला खडूने पातळीची खूण, आणि चोवीस तास सोडून द्या. पातळी बरीच उतरली आणि खाली ओल आली तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. तिसरी पायरी भिंतीची, शॉवर चालू करून फक्त टाइलच्या भिंतीवर पाणी मारत राहायचं. प्रत्येक टेस्टनंतर निदान एक दिवस थांबा हो, पाणी स्लॅबमधून यायला वेळ घेतं, अर्ध्या तासात खाली येऊन "काही नाही" म्हणणाऱ्या माणसाचं ऐकू नका.

कमोडच्या टाकीत खायचा रंग टाकून ठेवला आणि फ्लश न करता पाण्यात रंग उतरला तर टाकीचा वॉशर गळतोय एवढंच कळतं. छतावर रंगीत डाग येईल अशी वाट बघणारे असतात, सिमेंट-मातीतून गाळून येताना रंग बहुतेक हरवतो, त्यामुळे रंग आला नाही म्हणजे गळती नाही असं समजू नका.

वरचे ऐकूनच घेत नाहीत, काय करावं?

तारखा घालून फोटो दाखवा आणि टेस्ट करायची परवानगी मागा, दुरुस्ती मागू नका. "तुमचं बाथरूम गळतंय" म्हणून दार वाजवलं की दार बंद होतं. "नक्की कुठून येतंय ते मलाही माहीत नाही, दोन दिवस बघू या का" म्हटलं की बरेच लोक तयार होतात. माझ्या काकूंच्या वेळी मी पहिला प्रकार केला होता.

आमच्या वर थेट गच्ची आहे, तिथे काय बघू?

मधली फरशी सोडा, कडा बघा. गच्ची मधोमध क्वचित गळते, गळते ती सांध्यांना. पावसाच्या पाइपाचं तोंड, तिथे जाळीत पाला अडकलेला असतो आणि पाण्याचं तळं होतं. कठड्याची भिंत आणि गच्ची मिळते तो कोपरा, तिथे सिमेंटची गोलाई असते, गवंडी तिला वाटा म्हणतात, त्या वाट्याला बारीक चीर पडली की पाणी थेट आत. टाकीचे, डिशचे, सोलरचे जे पाय ठोकलेत त्यांची भोकं. गच्चीतून खाली जाणाऱ्या पाइपांच्या भोवतीची जागा. आणि टाकीखाली वाकून बघा, तिथे कोणी वर्षानुवर्षं वाकलेलं नसतं.

उताराचं म्हणाल तर मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार पाइपाच्या दिशेने पाहिजे. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी जिथे अजून पाणी साचलेलं दिसतं तिथे खडूने गोल करा, तेच तुमचे संशयित.

गच्चीवर पाणी भरून टेस्ट करणार असाल तर आधी हिशोब करा. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा लिटर, म्हणजे दहा किलो. तीन बाय चार मीटरच्या तुकड्यात पाच सेंटिमीटर पाणी उभं केलं तर सहाशे किलो झाले. चांगल्या स्लॅबला त्याचं काही नाही, पण खालून गज दिसणाऱ्या जुन्या स्लॅबवर हा प्रयोग आपल्या मनाने करू नका, इंजिनिअरला विचारून करा.

पाऊस नाही, वर बाथरूम नाही, तरीही डाग. भूत आहे का?

असलंच तर एसीचं असेल. इनडोअर युनिटचा ड्रेन पाइप चोक झाला की पाणी मागे येऊन भिंतीत किंवा फॉल्स सीलिंगवर पडतं. तांब्याच्या गार पाइपावरचं काळं फोम फाटलं की उघड्या जागी दव धरतं आणि थेंब थेंब खाली, एसी चालू असतानाच, म्हणजे परत टाइमटेबलच.

दुसरं म्हणजे खोलीतलीच वाफ. हवा २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर साधारण १७ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव पडायला लागतं, आणि थंडीत बाहेरच्या भिंतीला लागून असलेला छताचा कोपरा सहज तेवढा गार होतो. हे ओळखायची सोपी युक्ती आहे. ती जागा पुसून कोरडी करा, हातभर फॉइल किंवा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. खोलीच्या बाजूला थेंब दिसले तर हवेतली वाफ आहे, एक्झॉस्ट फॅन लावा, खिडकी उघडी ठेवा. फॉइलच्या मागे, छताच्या बाजूला ओल दिसली तर पाणी वरूनच येतंय.

डागाच्या रंगावरून काही कळतं का?

थोडंफार. पिवळट तपकिरी म्हणजे पाण्याबरोबर धूळ, माती, लाकडाचा रस असं काहीबाही विरघळून आलंय. लालसर तांबडा, विशेषतः सरळ रेषेत असेल, तर गंज, आणि त्याला गंभीरपणे घ्या (गजांचा प्रश्न खाली आहे). पांढरी भुकटी म्हणजे क्षार, लोक लोणा लागला म्हणतात. काळे-हिरवे ठिपके म्हणजे बुरशी. नुसतं गडद, बाकी काही रंग नाही, म्हणजे ताजं पाणी.

डागाची कडच जास्त गडद का असते?

ओला डाग कडेने आधी वाळतो, मधलं पाणी मग कडेकडे ओढलं जातं आणि येताना सगळी घाण घेऊन येतं, पाणी उडून जातं, घाण तिथेच बसते. परत ओलं झालं की नवी कड. म्हणून एकात एक तीन-चार वर्तुळं दिसली तर समजा तेवढ्या वेळा तरी पाणी आलंय.

फॉल्स सीलिंगला पोट आलंय, फुटेल का?

फुटू शकतं. जिप्सम बोर्ड पाणी पिऊन मऊ होतं आणि त्याच्या वर पाणी साठत राहतं, एका क्षणी सगळं स्क्रूसकट खाली येतं. खालून सामान काढा, माणसं लांब करा, लाइट बंद. पोट छोटं असेल तर बाजूला उभं राहून, खाली टब ठेवून, सगळ्यात खोल जागी स्क्रूड्रायव्हरने एक भोक पाडा, पाणी निघून जाऊ द्या. बरोबर खाली उभं राहून कधीच नाही, चष्मा लावूनच. पोट मोठं असेल तर भोकाच्या भानगडीत पडू नका, खोली बंद करा आणि माणूस बोलवा. एकदा भिजून लोंबलेलं बोर्ड वाळून परत सरळ होत नाही, तो तुकडा कापून बदलायचा.

प्लास्टर पडलं आणि आत गंजलेले गज दिसतायत, पॅच मारून घेऊ का?

नाही, आणि इथे मी थोडा कडक बोलणार आहे. काँक्रीट नवं असतं तेव्हा चांगलंच अल्कलाइन असतं, पीएच १२-१३ च्या घरात, आणि त्यामुळे आतल्या लोखंडाला गंज धरत नाही. वर्षं जातात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, पीएच उतरतो, त्यात गळतीचं पाणी मिळालं की गज गंजायला लागतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, म्हणजे गज आतून फुगतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. तुम्हाला दिसतं ते पडलेलं प्लास्टर, खरं दुखणं आत.

लाकडी काठीने छत हलकेच ठोकून बघा, सलग जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी डबडब पोकळ. पोकळ भाग किती पसरलाय त्याची खडूने खूण करा, त्याच्याखाली पलंग असेल तर आजच सरकवा. मग स्ट्रक्चरल इंजिनिअर. तो गज साफ करायचे, गंजरोधक लावायचं, गज फार बारीक झाले असतील तर जोड द्यायचा, मग पॉलिमरवाला मसाला, असं ठरवेल. त्याच्यावर नुसती पुट्टी थापून रंग मारणं म्हणजे आत काय चाललंय ते बघायची खिडकीच बंद करणं.

काळे ठिपके आलेत, धोकादायक आहे का?

दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना, लहान मुलांना त्रास होऊ शकतो, बाकीच्यांनाही शिंका-खोकला. भिजलेली जागा २४ ते ४८ तासांत कोरडी झाली तर बुरशी सहसा धरत नाही, म्हणून पहिल्या दोन दिवसांत पंखे लावणं फार महत्त्वाचं (पंखा म्हणजे उभा टेबलवाला, भिजलेल्या छतातला नाही). थोडी जागा असेल तर मास्क, हातमोजे, चष्मा घालून साबणाच्या पाण्याने पुसा आणि लगेच वाळवा. कोरडी असताना घासू नका, सगळे कण खोलीभर उडतात. बोर्डमध्ये किंवा पीओपीत आत शिरली असेल तर तेवढा तुकडा काढणंच बरं. आणि ओल चालू असेपर्यंत कितीही पुसा, ती येणारच.

ब्लीच मारला की डाग जातो ना?

फिका होतो कधी कधी. एक भाग ब्लीच, दहा-पंधरा भाग पाणी, फडक्याने टिपायचं, फवारायचं नाही कारण तुम्ही खाली उभे आहात आणि डोळे वर आहेत. ब्लीचमध्ये ॲसिड, टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, अमोनियावालं काचेचं लिक्विड यातलं काहीही मिसळू नका, विषारी गॅस तयार होतो, हे खरंच होतं. माझं मत विचाराल तर रंगवायचंच आहे तर ब्लीचच्या नादी लागू नका, छत उगाच परत ओलं होतं.

पाइप दुरुस्त झाला, आता वाळायला किती दिवस धरू?

बोर्ड आठवडाभरात, प्लास्टर दोन-तीन आठवडे, जाड काँक्रीट आणि त्यावर भरलेला कोबा असेल तर महिना-दीड महिनाही लागतो, हवा दमट असेल तर आणखी. तारखेवर जाऊ नका, वर सांगितलेली फॉइलची टेस्ट करा, मागून कोरडी निघाली की पुढे जा. नवीन सिमेंट प्लास्टर केलं असेल तर त्याला साधारण २८ दिवस द्या. हॅलोजन किंवा हीटर लावून घाई करणारे असतात, वरचा पापुद्रा वाळतो, आत ओल तशीच, आणि रंगाला फुगे येतात.

चांगला रंग दोन हात मारला तरी डाग परत वर येतो, रंग डुप्लिकेट आहे का?

रंगाची चूक नाही. साधा छताचा रंग पाण्यातला असतो, तो लावला की डागातली घाण त्या पाण्यात परत विरघळते आणि वर चढते, तुम्ही पाच हात मारा, पाच वेळा चढेल. मी तीनदा रंगवलं त्यातलं दुसरं रंगवणं याच्यातच गेलं, पहिल्या दिवशी पांढरं शुभ्र, तिसऱ्या दिवशी सकाळी पडल्या पडल्या वर बघितलं तर फिकट पिवळी कड परत उगवलेली.

मध्ये एक थर असा पाहिजे जो पाण्यात विरघळत नाही, म्हणजे ऑइल बेस किंवा शेलॅकचा स्टेन ब्लॉक करणारा प्रायमर. करायचं असं, आधी सुटलेला रंग आणि पुट्टी पत्र्याने खरवडून काढा, टणक लागेपर्यंत, डागाच्या कडेपासून वीतभर बाहेरपर्यंत. क्षाराची भुकटी असेल तर कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसलात तर क्षार विरघळून परत आत जातात. घर जुनं असेल तर आधीच्या रंगात शिसं असू शकतं, तिथे कोरडं घासू नका, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा आणि निघालेला चिखल पुसून पिशवीत बांधून टाका. खड्डे पुट्टीने भरा, पूर्ण वाळू द्या, घासून एकसारखं करा. मग पूर्ण जागेवर स्टेन ब्लॉकर, खिडक्या उघड्या ठेवून, कारण वास उग्र असतो आणि तो पेट घेतो, जवळ गॅस, सिगरेट काही नको. डब्यावर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा थांबा. पिवळी छटा दिसली तर आणखी एक हात. मग छताचा रंग दोन हात.

एक गोष्ट परत सांगतो, ओल असताना हा ब्लॉकर लावलात तर आतली वाफ अडकते आणि थोड्याच दिवसांत पापड सुटावा तसा सगळा थर पोपड्याने खाली येतो. माझं पहिलं रंगवणं तसं गेलं. तिसरं छज्जाची फट बुजवल्यावर केलं, ते टिकलंय.

फक्त डागापुरता रंग मारला तर चालेल?

चालेल, दिसेल. छतावर उजेड तिरका पडतो, जुना रंग थोडा पिवळलेला असतो, ठिगळ लगेच ओळखू येतं. ब्लॉकर डागापुरता, शेवटचा रंग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

वर फोडाफोडी नको, खालूनच वॉटरप्रूफिंग केलं तर?

खूप जण हे विकतात आणि मला ते पटत नाही. खालून कोटिंग मारलं म्हणजे पाणी बाहेर यायचं बंद होतं, आत शिरायचं नाही, ते स्लॅबमध्येच साठतं, गज गंजवतं, किंवा बाजूला चालत जाऊन दुसऱ्या खोलीत निघतं. एखाद्या ठरावीक भेगेत इंजेक्शनने ग्राउट (पातळ सिमेंटचा मसाला) किंवा पीयू (पॉलियुरेथेन, भेग भरणारं रसायन) भरणं वेगळं, ते नीट केलं तर उपयोगी आहे. पण पाणी जिथून आत जातं तिथेच अडवायचं, शक्य असेल तोवर.

छताला पांढरे बारीक काटे लोंबतायत, हे काय?

काँक्रीटमधून झिरपणारं पाणी आतला चुना घेऊन येतं, बाहेर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि थेंबाथेंबाने पोकळ नळीसारखं वाढत जातं, गुहेत दिसतात त्याची धाकटी भावंडं. दिसायला गंमत वाटते पण अर्थ एकच की तिथून बरेच दिवस पाणी येतंय. पार्किंगच्या छताला असतील तर त्याखाली गाडी लावू नका, ते पाणी इतकं अल्कलाइन असतं की गाडीच्या रंगावर डाग पाडतं, आणि हाताला लागलं तर धुवा.

आधी कोणाला बोलवू, प्लंबर, गवंडी, वॉटरप्रूफिंगवाला की रंगारी?

टाइमटेबल सांगेल. रोज एकसारखं येत असेल किंवा नळ वापरल्यावर येत असेल तर प्लंबर, पावसावर असेल तर गवंडी किंवा वॉटरप्रूफिंगवाला, गज दिसत असतील तर इंजिनिअर, बाकी सगळं नंतर. रंगारी सगळ्यात शेवटी. आणि जो येईल त्याला "कुठे गळतंय" विचारायच्या आधी आपली तारखांची यादी दाखवा, ती वाचून प्रश्न विचारणारा माणूस चांगला, न बघता थेट रेट सांगणारा दुसऱ्याकडे पाठवा.

पेन्सिलच्या रेघा नंतर रंगातून दिसतील का?

पेन्सिल झाकली जाते. बॉलपेन आणि स्केचपेनने मात्र मारू नका, त्याची शाई डागासारखीच रंगातून वर येते. मी चारही रेघा घासून घेतल्या, फक्त पंख्याच्या बाजूची एक तारीख ब्लॉकरखाली राहून गेली, संध्याकाळी दिवा लावला की तिरक्या उजेडात पुसट दिसते, मी तशीच ठेवलीय.